बाळ तर छान आहे, मग टाच कशाला टोचली?

गेल्या अंकात मी नवजात बाळांच्या रक्ततपासणीवर लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. मी डॉक्टर नाही, जीवरसायनशास्त्राची संशोधक आहे. बाळांच्या चयापचयातले आणि जनुकांतले दोष जन्मल्या जन्मल्या ओळखण्याचं काम २६ वर्षं करते आहे. त्यामुळे औषधाचे डोस मी सांगणार नाही, ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांनीच सांगायचे. पण कागदावर वाळलेल्या त्या रक्ताच्या थेंबाचं पुढे काय होतं, हे मला नीट ठाऊक आहे. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा नातू चार दिवसांचा आहे. दूध नीट ओढतो, रडतोही खणखणीत. तरी दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी त्याच्या टाचेला सुई टोचली आणि एका कागदावर थेंब घेतले. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या धडधाकट बाळाला हा त्रास कशासाठी?

उत्तर : आजी, तो धडधाकट दिसतो म्हणूनच. ज्या दोषांसाठी ही तपासणी करतात, ते घेऊन आलेली बाळं पहिल्या एक-दोन दिवसांत अशीच गोड दिसतात. पोटात असताना बाळाला नको असलेली बरीचशी रसायनं वारेतून आईकडे जातात आणि आईचं शरीर ती निस्तरतं. नाळ कापली की ही सोय संपते. मग दूध सुरू होतं. दुधातली प्रथिनं किंवा साखर पुढे पचवणारं एखादं एन्झाइम बाळाकडे नसेल, तर अर्धवट राहिलेला माल रक्तात साठू लागतो. थेंबे थेंबे तळे साचे, तेही आपल्याला न दिसता.

हे तळं किती दिवसांत भरतं, ते दोषागणिक बदलतं. गॅलॅक्टोसेमियात दुधातली साखर पुरती पचत नाही. पहिल्या आठवड्यातच कावीळ, उलट्या, यकृताला इजा असं सुरू होऊ शकतं. फेनिलकीटोन्युरियात, ज्याला आम्ही पीकेयू म्हणतो, प्रथिनांतलं फेनिलअॅलॅनिन नावाचं अमिनो आम्ल पचत नाही; बाळ कित्येक महिने हसतं-खेळतं आणि आत मेंदूची हानी होत राहते. जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या बाळाकडे तर पहिल्या महिन्यात पाहून कोणाला शंकाही येत नाही. जगभरात साधारण २,००० ते ४,००० बाळांमागे एकाला हा दोष असतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते मूल इतर मुलांसारखंच वाढतं. लक्षणं दिसेपर्यंत थांबलं, तर गेलेली बुद्धी पूर्ण परत येत नाही.

थेंब साधारण २४ तासांनंतर घेतात, कारण थोडं दूध पोटात गेल्याशिवाय रक्तातले आकडे बोलत नाहीत. त्यानंतर मात्र उशीर नको. सूनबाईंना सांगा, टाच टोचताना बाळाला छातीशी धरून पाजत राहिलं तर ते कमी रडतं.

प्रश्न : मुलगी नऊ दिवसांची आहे. काल फोन आला, 'एक आकडा जास्त आलाय, पुन्हा नमुना द्या.' आजाराचं नाव सांगितलं ते मी इंटरनेटवर शोधलं आणि रात्रभर झोपलो नाही. बाळ सातव्या महिन्यातच जन्मलंय, काचेच्या पेटीत आहे. आम्ही काय समजायचं?

उत्तर : एवढंच समजायचं की अजून काहीच ठरलेलं नाही, आणि आजच नमुना द्यायचा. पहिली चाचणी म्हणजे चाळणी आहे, निदान नव्हे. चाळणी मुद्दाम बारीक ठेवतात. खरा आजारी एकही निसटू नये, म्हणून काही निरोगी बाळं अडकलेली आम्हाला चालतात. आईवडिलांसाठी त्या रात्री फार वाईट असतात याची मला जाणीव आहे.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा तर मोठाच प्रश्न असतो. मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात दोषासाठी जे संप्रेरक मोजतात, ते वेळेआधी आलेल्या आणि आजारी बाळांमध्ये एरवीही चढलेलं असतं. शिरेतून पोषण चालू असेल तर अमिनो आम्लं वाढलेली दिसतात. रक्त चढवलं असेल तर काही तपासण्यांत बाळाऐवजी दात्याचंच रक्त मोजलं जातं. माझ्या स्वतःच्या कामाचा मोठा भाग हाच आहे. कितव्या आठवड्यात जन्मलेल्या, किती वजनाच्या बाळाला कोणता आकडा 'जास्त' म्हणायचा, ही रेघ ओढणं. रेघ जरा खाली सरकली की शेकडो घरांत असे फोन जातात, जरा वर गेली की एखादं बाळ निसटतं. अशी एक रेघ ठरवायला आम्हाला तीन वर्षं लागली होती.

तुम्हाला कोणत्या आजाराचं नाव सांगितलं, ते पत्रात नाही. म्हणून एक सांगते. बाळ सुस्त झालं, दूध घेईना, सारखं ओकू लागलं, झटका आला, तर दुसऱ्या नमुन्याच्या निकालाची वाट पाहायची नाही. पेटीजवळच्या डॉक्टरांना त्याच क्षणी सांगा की चाळणीत हा आकडा वर आला होता. हे सांगायला कोणी विसरलं असेल असं गृहीत धरूनच सांगा.

प्रश्न : माझी पहिली मुलगी सहाव्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवसापर्यंत छान पीत होती. मग नुसती झोपून राहू लागली, उठवलं तरी उठेना, श्वास भराभर चालायचा, शेवटी झटके. रक्तात संसर्ग आहे असं म्हणाले, पण कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून पाहतात त्या तपासणीत) काहीच वाढलं नाही. आता पुन्हा दिवस गेले आहेत, अकरावा आठवडा आहे. घरात कोणी तरी म्हणालं, हिच्या दुधातच दोष होता. खरंच तसं असतं का?

उत्तर : नाही. तुमच्या दुधात दोष नव्हता. ताई, हे वाक्य ज्यांनी तसं म्हटलं त्यांनाही वाचायला द्या.

तुमच्या मुलीला काय झालं होतं, हे पत्रावरून ठरवता येणार नाही. पण दोन-तीन दिवस उत्तम, मग सुस्ती, दूध नको, धापा टाकल्यासारखा श्वास, झटके आणि कल्चर कोरं, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की तुमच्या पत्रातलं तिसरं वाक्य वाचतानाच मी पेन खाली ठेवलं. युरिया चक्राचे दोष, सेंद्रिय आम्लांचे दोष, मॅपल सिरप युरिन डिसीज (काही अमिनो आम्लं न पचल्यानं लघवीला पाकासारखा वास येतो तो आजार), हे सगळे याच चालीनं येतात. युरिया चक्र म्हणजे यकृतात अमोनियाचा युरिया करून टाकणारी साखळी. ते बिघडलं की प्रथिनांतून निघालेला अमोनिया बाहेर पडत नाही आणि मेंदूला सूज येते. अमोनिया श्वासाच्या केंद्राला डिवचतो म्हणून श्वास भराभर चालतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे हुबेहूब जंतुसंसर्गासारखं दिसतं, आणि नवजात बाळात संसर्ग खरोखरच फार जास्त आढळतो. म्हणून डॉक्टर आधी तिकडेच धावतात. ते चूक नाही. चूक होते ती संसर्गाचे उपचार करता करता एकदा अमोनिया मोजायचं राहून जातं तेव्हा.

दूध आईचं असो वा कुठलंही, त्यात प्रथिनं असतातच. अशा बाळाला कोणतंही प्रथिन पेलत नाही. तुम्ही तिला जे दिलंत ते कोणत्याही बाळाला द्यायचंच असतं.

आता वेळ महत्त्वाची आहे, म्हणून याच आठवड्यात जनुकीय समुपदेशन करणाऱ्या तज्ज्ञांना भेटा. मुलीच्या आजारपणाचा प्रत्येक कागद घेऊन जा. अमोनिया मोजला होता का, रक्तातली आम्लता किती होती, लघवीत कीटोन होते का, हे त्यात सापडू शकतं. तिचं टाचेच्या रक्ताचं कार्ड घेतलं होतं का, हेही विचारा. कित्येक प्रयोगशाळा ती कार्डं जपून ठेवतात आणि वर्षांनंतरही त्या वाळलेल्या थेंबातून डीएनए निघतो. मी काढलेला आहे. बाळ जाऊन चार वर्षं झाली होती आणि तिच्या आईला कारण कळलं ते त्या एका ठिपक्यातून. कार्ड नसेल तर तुम्हा दोघांच्या रक्तातून शोध घेता येतो.

यातले बहुतेक दोष असे असतात की आई आणि वडील दोघांकडे एकाच जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असते. दुसरी चांगली प्रत काम भागवते, म्हणून दोघंही आयुष्यभर निरोगी. दोन्ही बिघडलेल्या प्रती एकाच बाळात उतरल्या तर आजार. प्रत्येक गरोदरपणात याची शक्यता चारात एक, आणि प्रत्येक वेळी ती नव्यानं मोजायची. पहिल्या खेपेला झालं म्हणून दुसरी सुरक्षित असं नाही, किंवा नक्की होणार असंही नाही. एक-दोन दोष आईच्या एक्स गुणसूत्रातून येतात, त्यांचा हिशोब वेगळा असतो. 'आमच्या घराण्यात कोणालाच नाही' हे जवळजवळ प्रत्येक कुटुंब सांगतं, आणि ते खरंच असतं. तुम्ही, मी, हे मासिक वाचणारे सगळेच अशा काही बिघडलेल्या प्रती बाळगून आहोत.

नेमका बदल सापडला तर वारेचा कण घेऊन साधारण ११ ते १३ आठवड्यांत, किंवा गर्भजल घेऊन १५ आठवड्यांनंतर, या बाळाला तो आहे का हे सांगता येतं. म्हणून मी घाई करायला सांगते आहे. सापडला नाही, किंवा तुम्हाला तशी तपासणी करायची नसेल, तरी हात बांधलेले नाहीत. जिथे अमोनिया तासाभरात मोजून मिळतो आणि चयापचयाचे तज्ज्ञ फोनवर तरी आहेत, अशा ठिकाणी बाळंतपण ठरवा. बाळ येण्याआधीच बालरोगतज्ज्ञांशी बोलून लेखी आराखडा करून घ्या: पहिला नमुना कधी, अमोनिया किती वेळा, शंका आली तर प्रथिनं थांबवून शिरेतून ग्लुकोज किती लवकर. मागच्या वेळी कोणाला काही माहीत नव्हतं. या वेळी सगळ्यांना माहीत असेल. निकाल काहीही आला तरी मला कळवा.

प्रश्न : मी जीवरसायनशास्त्र शिकतो. मोठमोठी यंत्रं असताना या क्षेत्रात संशोधकाला करण्यासारखं उरलंय काय?

उत्तर : या क्षेत्राची सुरुवातच यंत्राशिवाय झाली. १९०२ मध्ये लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी काळी पडणारी लघवी पाहून म्हटलं की हा जंतूंचा आजार नाही, ही माणसाची जन्मजात रासायनिक वेगळी ठेवण आहे. १९३४ मध्ये नॉर्वेत एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन आस्ब्यर्न फोलिंग यांच्याकडे गेली. मुलांच्या अंगाला एक विचित्र वास येतो, तो का, हे ती वर्षानुवर्षं डॉक्टरांना विचारत होती. फोलिंग यांनी लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं आणि ती हिरवी झाली. पीकेयू असा सापडला. पुढे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्मिंगहॅममध्ये दुसरी एक आई रोज सकाळी होर्स्ट बिकेल यांच्या प्रयोगशाळेबाहेर उभी राहायची आणि विचारायची, माझ्या मुलीसाठी काय केलंत? त्यांनी फेनिलअॅलॅनिन काढून टाकलेला आहार तयार केला आणि ती मुलगी रांगायला लागली, उभी राहायला लागली.

पण तिच्या मेंदूची हानी आधीच झालेली होती. आहार पहिल्या आठवड्यांतच सुरू व्हायला हवा, म्हणजे प्रत्येक बाळ तपासायला हवं. तो मार्ग अमेरिकेत बफेलो इथले रॉबर्ट गथ्री यांनी काढला. त्यांचा मुलगा मतिमंद होता आणि भाचीला पीकेयू आहे हे १५ महिन्यांची झाल्यावर कळलं होतं. एक साधा जीवाणू घ्यायचा, त्याची वाढ रोखणारं रसायन आगरमध्ये, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीत, घालायचं आणि वर रक्ताच्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या. रक्तात फेनिलअॅलॅनिन जास्त असेल तर ते त्या अडथळ्यावर मात करतं आणि चकतीभोवती जीवाणूंचं कडं उमटतं. ती पद्धत १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचं सगळ्यात मोठं देणं माझ्या मते तो कागद. थेंब वाळवा, पाकिटात घाला, टपालात टाका. यंत्रं बदलली, कागद आजही तोच.

१९९० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या डेव्हिड मिलिंग्टन आणि सहकाऱ्यांनी टँडम मास स्पेक्ट्रोमीटर या कामाला जुंपायचं सुचवलं. ३ मिलिमीटरच्या चकतीतून रसायनं काढायची, यंत्र त्यांचं वस्तुमान मोजतं, त्यांचे तुकडे करतं, तुकड्यांचं पुन्हा मोजतं. दोन-तीन मिनिटांत डझनावारी दोषांची चाचपणी होते. मग तुमच्यासाठी काय उरलं? हे बघा. मॅपल सिरपच्या आजारात ल्युसिन वाढतं. पण ल्युसिन, आयसोल्युसिन, अॅलो-आयसोल्युसिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन या चौघांचं वस्तुमान यंत्राला एकच दिसतं. हायड्रॉक्सिप्रोलिन वाढलेलं बाळ बहुधा अगदी ठणठणीत असतं. यंत्र मात्र दोघांसाठी एकच धोक्याची घंटा वाजवतं. मग तीच चकती घेऊन दुसऱ्या पद्धतीनं हे चौघे वेगळे करावे लागतात, आणि तेही त्याच दिवशी, कारण खरा आजार असेल तर बाळाकडे आठवडाही नसतो. असे अनेक पेच अजून सुटायचे आहेत. या, फार काम आहे.

प्रश्न : मला पीकेयू आहे, वय १९. लहानपणापासून आहार पाळला. आता ते औषधी पेय घशाखाली उतरत नाही, म्हणून सहा महिने सोडलंय. मला तर काहीच फरक जाणवत नाही. मेंदूची वाढ झाल्यावर आहार सोडला तर चालतो असं वाचलं.

उत्तर : तू वाचलंस ते एके काळी खरोखर सांगायचे. मुलं शाळेत जायच्या वयाची झाली की आहार थांबवायचे. नंतर त्याच मुलांनी मोठं होऊन आम्हाला शिकवलं की लक्ष टिकत नाही, कामाचा क्रम लावता येत नाही, मन उदास राहतं. हे हळूहळू येतं आणि ज्याचं त्याला शेवटी कळतं, आजूबाजूच्यांना आधी. म्हणून आता आहार आयुष्यभर पाळायला सांगतात.

दुसरी गोष्ट तुला आत्ता दूरची वाटेल, पण ऐक. गरोदरपणात आईचं फेनिलअॅलॅनिन चढलेलं असेल तर वार ते बाळाकडे आणखी जास्त प्रमाणात पोचवते. बाळाला स्वतःला पीकेयू नसला तरी त्याचं डोकं लहान राहू शकतं, हृदयात दोष येऊ शकतो. ही पातळी दिवस राहण्याच्या आधीपासून लिटरमागे १२० ते ३६० मायक्रोमोल यांच्या मध्ये ठेवावी लागते. ज्या स्त्रियांनी ती ठेवली त्यांना निरोगी मुलं झाली आहेत.

पेयाची चव वाईट असते. मी चाखली आहे, म्हणून तुला रागावत नाही. पण त्या पेयातली, फेनिलअॅलॅनिन नसलेली प्रथिनं आता वेगळ्या स्वरूपातही मिळतात. सॅप्रोप्टेरिन नावाचं औषध काही जणांना लागू पडतं, आणि प्रौढांसाठी २०१८ पासून एन्झाइमचं इंजेक्शनही आलं आहे. तुला यातलं काय चालेल ते तुझे डॉक्टर पाहतील. आधी या आठवड्यात रक्त दे. आणि ज्या गोड पेयांत अॅस्पार्टेम हा साखरेऐवजीचा गोड पदार्थ असतो ती टाळ, त्यातून फेनिलअॅलॅनिनच मिळतं.

प्रश्न : प्रत्येक बाळाचा सगळा जिनोमच, म्हणजे सगळा डीएनए, का वाचत नाहीत?

उत्तर : वाचून पाहणं सुरू झालं आहे. इंग्लंडमध्ये १,००,००० नवजात बाळांचा जिनोम वाचण्याचा अभ्यास चालू आहे. काही दोष रक्तातल्या रसायनांत उमटतच नाहीत, उदाहरणार्थ स्नायू दुबळे करत नेणारा स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी हा आजार, तिथे डीएनएच पाहावा लागतो. पण जिनोममध्ये अर्थ न लागणारे बदल ढिगानं सापडतात, आणि अर्थ न लागणारा निकाल घरी नेऊन आईवडिलांनी काय करायचं? काय होऊ शकेल ते जनुक सांगतं, आत्ता काय होतंय ते रक्त सांगतं. मला दोन्ही हवेत. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात युरिया चक्राचा गंभीर दोष असलेल्या एका बाळासाठी, फक्त त्याच्याच जनुकातली चूक दुरुस्त करणारं औषध सहा महिन्यांत तयार करून दिलं गेलं. ती बातमी मी उभ्या उभ्या वाचली आणि त्या दिवशी पुढचं काम सुचलं नाही.

प्रश्न : मी प्रसूती विभागात नर्स आहे. आमची बरीच कार्डं 'नमुना अयोग्य' म्हणून परत येतात. नेमकं कुठे चुकतं?

उत्तर : सिस्टर, हा प्रश्न विचारलात म्हणून मनापासून आभार. टाच कोमट करून घ्या, टाचेच्या कडेला टोचा, मध्यभागी नको. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. पहिला थेंब पुसून टाका. टाच पिळू नका, पिळली की रक्तात ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि सगळे आकडे उतरतात. एका वर्तुळात एकच मोठा थेंब, एकाच बाजूनं, मागच्या बाजूपर्यंत झिरपेल असा. थेंबावर थेंब ठेवला तर आमची चकती दुप्पट रक्ताची निघते. मग कार्ड आडवं ठेवून तीन-चार तास वाळवा, उन्हात किंवा हीटरजवळ नको. उष्णतेनं आणि दमटपणानं एन्झाइम मरतं, आणि निरोगी बाळ गॅलॅक्टोसेमियाचं दिसतं. ओलं कार्ड प्लास्टिकमध्ये घालू नका. आठवडाभराची कार्डं साठवून एकदम पाठवू नका, रोज पाठवा.

आणि मोबाइल नंबर आईवडिलांकडून वाचून घेऊन लिहा, त्यांना परत वाचून दाखवा. आमच्याकडे एकदा मॅपल सिरपचा स्पष्ट निकाल आला, बाळ पाच दिवसांचं, आणि कार्डावरच्या नंबरात एक आकडा कमी होता. आम्ही चौघं सकाळपासून शून्य ते नऊ एकेक आकडा एकेका जागी घालून फोन लावत बसलो. ते घर लागलं तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. आईनं फोन उचलला आणि म्हणाली, बाळ सकाळपासून दूध घेत नाहीये.